रक्तगट निगेटिव्ह, आयसीटी पॉझिटिव्ह: बुलढाणा जिल्ह्यातल्या गर्भवतींसाठी

‘मागच्या बाळंतपणात इंजेक्शन घेतलं होतं, मग आता रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?’ ‘माझा ग्रुप ओ पॉझिटिव्ह, ह्यांचा बी पॉझिटिव्ह, तरी बाळाला दुसऱ्याच दिवशी काविळ कशी?’ ‘पत्रिकेत एकनाडी निघाली होती, त्याचाच हा परिणाम का?’ चिखली, मेहकर, मलकापूर, शेगाव, कुठूनही विचारणा आली तरी फिरून फिरून याच शंका असतात. बहुतेकींचा गोंधळ एकाच जागी होतो. आईच्या रक्तात अँटीबॉडी तयार होऊ नयेत यासाठीची काळजी वेगळी आणि त्या तयार झाल्यावरची काळजी वेगळी. अँटी-डी इंजेक्शनचा उपयोग फक्त पहिल्या वाटेवर आहे. दुसऱ्या वाटेवर तपासण्या, वेळ आणि योग्य दवाखाना एवढंच कामाला येतं.

एकनाडीचं आधी निकालात काढू. नाडीचा आणि आरएच घटकाचा काडीचाही संबंध नाही. नवरा-बायकोचा रक्तगट सारखाच असला तर मुलं अपंग होतात, हेही खोटं आहे. दोघंही निगेटिव्ह असतील तर या बाबतीत उलट काळजीच मिटली. आणि मुलीचा ग्रुप निगेटिव्ह निघाला म्हणून ठरलेली सोयरीक मोडणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की वेळेवर दिलेल्या इंजेक्शनाने जो धोका टळतो त्यासाठी घर मोडू नका.

नेमकं काय होतं, तेही थोडक्यात

आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणांचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असतो. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला मार लागल्यावर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, कारण तोवर ते जन्मलेलं असतं. पुढच्या खेपेला मात्र त्या अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाचं रक्त कमी होतं, जन्मल्यावर काविळ झपाट्याने चढते, आणि दुर्लक्ष झालं तर पोटातच बाळाच्या अंगात पाणी साठतं.

आधी हातातला कागद नीट वाचा

पहिल्या तपासणीच्या कागदावर तीन-चार ठिकाणी ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असतं: ब्लड ग्रुपसमोर, एचआयव्हीसमोर, एचबीएसएजीसमोर, आणि कुठेतरी खाली आयसीटीसमोर. घरी कोणी वाचून दाखवतं, ‘सगळं निगेटिव्ह आहे, काळजी नको.’ ग्रुपचं निगेटिव्ह म्हणजे काळजी सुरू करायची, आणि आयसीटीचं निगेटिव्ह म्हणजे अजून वेळ हातातून गेलेली नाही. आयसीटी म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का, ते ती सांगते.

कागद हातात घेऊन एवढं पाहा:

- तुमचा ग्रुप आणि त्यापुढे आरएच. लग्नाआधीच्या कागदावर एक आणि आता दुसरंच आलं असेल, तर रक्तपेढीत पुन्हा तपासून घ्या. बोटाला टोचून घाईत पाहिलेल्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका.
- नवऱ्याचा ग्रुप. तो निगेटिव्ह असेल तर डी (म्हणजे आरएच) अँटीबॉडीचा प्रश्न उरत नाही. तो पॉझिटिव्ह असेल, किंवा माहीतच नसेल, तर धोका आहे असं धरून चाला.
- आयसीटी केली आहे का? ग्रुप निगेटिव्ह लिहिलेला आणि आयसीटीचा रकाना कोरा, असे कागद पुष्कळ दिसतात. तो कोरा रकाना स्वतः दाखवून विचारा.

आयसीटी पहिल्याच भेटीत करायची, आणि ती निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा.

ग्रुप पॉझिटिव्ह असलेल्या बायांनाही कधीकधी ही तपासणी लागते. तुम्हाला पूर्वी रक्त चढवलं असेल, पोटात बाळ दगावलं असेल, किंवा आधीच्या बाळाला काविळीसाठी रक्त बदलावं लागलं असेल, तर पॉझिटिव्ह असूनही आयसीटी मागा. डीखेरीज लहान सी, ई, केल अशा इतर घटकांविरुद्धही अँटीबॉडी होतात. विदर्भात सिकलसेलच्या मुलींना लहानपणापासून रक्त लागतं. त्यांनी तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

आयसीटी निगेटिव्ह असेल तर: अँटी-डीची वाट

हे इंजेक्शन म्हणजे तयार अँटीबॉडी. बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या, त्या आईच्या शरीराने ओळखण्याआधीच ते काढून टाकतं. इंजेक्शन न घेतल्यास पॉझिटिव्ह बाळानंतर साधारण १६ टक्के आयांमध्ये अँटीबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर वेळेवर घेतलं तर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर येतं, आणि २८व्या आठवड्यातही घेतलं तर ०.१ ते ०.३ टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणून एक डोस पुरे, असं कोणी म्हटलं तरी दोन्ही घ्या.

केव्हा घ्यायचं:

- २८व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅम. पण आयसीटीचं रक्त आधी, इंजेक्शन नंतर. इंजेक्शन आधी दिलं तर पुढची आयसीटी त्या इंजेक्शनामुळेच हलकी पॉझिटिव्ह येते आणि घरभर घबराट होते.
- बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत, बाळ पॉझिटिव्ह असेल तर. सातव्या महिन्यातला डोस या वेळेला पुरत नाही, तो पुन्हा घ्यावाच लागतो.
- गर्भपात, पिशवी साफ करणं, नळीतला गर्भ, द्राक्षगर्भ यानंतर. बारा आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतं, पण ती कुपी नसेल तर मोठा डोस चालतो.
- दिवस असताना रक्तस्राव, गाडीवरून पडणं, पोटाला मार, किंवा गर्भजलाची तपासणी झाल्यास.
- बाळ मृत जन्मलं आणि त्याचा ग्रुप कळला नाही, तर पॉझिटिव्ह समजून.

बहात्तर तास बाळ जन्मल्यापासून मोजायचे, सुट्टीच्या कागदावरच्या तारखेपासून नाही. शनिवारी रात्री बाळंतपण झालं की रविवारी लॅब बंद, सोमवारी ग्रुप येतो आणि मंगळवारी सुट्टी मिळते. मधले तास असेच जातात. म्हणून प्रसूतिकक्षातच सोबतच्या बाईने सिस्टरना विचारावं, ‘नाळेचं रक्त ग्रुपसाठी घेतलं का?’ ग्रुप काढायला काही मिनिटं लागतात. तरीही वेळ हुकली, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. दहा दिवसांपर्यंत दिल्यानेही काही संरक्षण मिळतं, आणि काही तज्ज्ञ २८ दिवसांपर्यंतही देतात.

३०० मायक्रोग्रॅमचा एक डोस बाळाच्या साधारण ३० मिलिलिटर रक्ताला पुरतो. जुळं असेल, वार हाताने काढावी लागली असेल किंवा रक्तस्राव जास्त झाला असेल, तर डोस वाढवावा लागू शकतो. तसं झालं असेल तर डॉक्टरांना विचारा.

लोक जिथे फसतात

*मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या.* दिवस गेले, नको होते, नवऱ्याने दुकानातून किट आणून दिलं, घरीच गोळ्या घेतल्या आणि कोणाला कळू दिलं नाही. त्या गर्भपाताची कुठेच नोंद नाही, आणि इंजेक्शनचा तर प्रश्नच नाही. दोन वर्षांनी आयसीटी पॉझिटिव्ह आली की सासू म्हणते, ‘पहिलंच तर आहे!’ कायद्याने गर्भपात सरकारमान्य केंद्रात करता येतो आणि नाव गुप्त ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे. ते काहीही असो, घरी काही घडलं असेल तर डॉक्टरांना एकटीने गाठून सांगा. त्यांना ते कळणं गरजेचं आहे, घरच्यांना कळलंच पाहिजे असं नाही.

*कुपीचा प्रवास.* अँटी-डी २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. खामगावच्या मेडिकलमधून घेतलेली कुपी खिशात घालून उन्हाळ्यात मोटारसायकलवर तासभर गावाकडे नेली, तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आणि बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवून नेली तर ती गोठून वाया जाते. कापडात गुंडाळलेला बर्फ, मध्ये कागद किंवा पुठ्ठा, आणि थर्मास किंवा थर्माकोलचा डबा. त्याहून सोपं म्हणजे कुपी जिथे आहे तिथेच जाऊन टोचून घ्या. डबीवरचं लेबल कार्डावर चिकटवा, म्हणजे बॅच नंबर आणि तारीख जपली जाते.

*नसबंदी.* ‘आता ऑपरेशनच करायचंय, मग इंजेक्शन कशाला?’ असं म्हणून टाळतात. नसबंदी क्वचित फसते, आणि पुढे कधी रक्त चढवायची वेळ आली तर अँटीबॉडीमुळे जुळणारी पिशवी मिळायला अवघड जाते. घ्यावं.

*माहेर.* पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण कागद राहतात सासरी. लोणारची सून बाळंतपणाला नांदुऱ्याला आली, कार्ड तिकडेच, आयसीटी पुण्यातल्या लॅबमध्ये केलेली, आणि इथे आठव्या महिन्यात ओळीने सगळं नव्याने सुरू. सातव्या महिन्यात निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, आयसीटीचे सगळे रिपोर्ट आणि इंजेक्शनचं लेबल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांना हे दुपटीने लागू.

*नवऱ्याचं रक्त.* मूल अजून हवं असलेल्या बाईला नवऱ्याचं किंवा त्याच्या भावांचं रक्त चढवू नये. बाळात उतरणारे घटक त्याच रक्तात असतात, त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी होऊ शकतात. प्रेमाने दिलेली पिशवी पुढच्या खेपेला नडते.

आयसीटी पॉझिटिव्ह आली तर

इथे अँटी-डीची वाट संपते. डी अँटीबॉडी खरोखर तयार झालेली असेल, तर इंजेक्शन कितीही घेतलं तरी ती पुसली जात नाही. तरीही ‘घेऊन ठेवा’ म्हणून ते लिहून देणारे भेटतात. पैसे मोजण्याआधी कारण विचारा.

क्रमाने हे करा:

१. गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटी-डी घेतलं होतं का, ते आठवा. घेतलं असेल तर ही पॉझिटिव्ह त्याची असू शकते. अशा वेळी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं मोजमाप, सहसा १:४ किंवा त्याहून कमी असतं.

२. अँटीबॉडी कोणती, ते ओळखून घ्या. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ पुरत नाही. डी आहे, लहान सी आहे की केल, यावर पुढचं सगळं ठरतं. केल अँटीबॉडी तर बाळाचं रक्त तयारच होऊ देत नाही, त्यामुळे तिथे टायटर कमी असूनही धोका असू शकतो. ही ओळख प्रत्येक गावच्या लॅबमध्ये होत नाही, मोठ्या रक्तपेढीत होते. अवघड नमुन्यांसाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आयसीएमआरची आहे. १९५२ मध्ये ज्या मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘बॉम्बे’ रक्तगट सापडला, त्याच मुंबईत तिचं काम वाढलं. बॉम्बे ग्रुपची बाई साध्या तपासणीत ‘ओ’ दिसते, पण ओची एकही पिशवी तिला जुळत नाही. कधी सगळ्याच पिशव्या नाकारल्या जात असतील, तर रक्तपेढीला हे नाव आठवून द्या.

३. टायटर काढा, आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये. १:८ वरून १:१६ ही एकच पायरी आहे, लॅब बदलली तरी एवढा फरक पडतो. १:८ वरून १:३२ मात्र खरी वाढ. डीसाठी बहुतेक ठिकाणी १:१६ किंवा १:३२ ही धोक्याची रेघ मानतात. त्याखाली असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दर महिन्याला आणि नंतर दर पंधरवड्याला तपासणी.

४. रेघ ओलांडली, किंवा आधीचं बाळ याच कारणाने आजारी पडलं किंवा दगावलं असेल, तर टायटरमागे धावू नका. मग डॉप्लर हवा. बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीत रक्त किती वेगाने धावतं, ते सोनोग्राफीवर मोजतात. रक्त पातळ झालं की वेग वाढतो. कागदावर ‘एमसीए-पीएसव्ही’ आणि पुढे ‘एमओएम’ असा आकडा असतो. तो १.५ च्या वर गेला, तर बाळात रक्त बरंच कमी असण्याची शक्यता असते. साधारण १८व्या आठवड्यापासून दर एक-दोन आठवड्यांनी हे मोजतात. हे मोजमाप सरावाच्या हातानेच व्हायला हवं. नुसतं ‘बाळ छान आहे, ठोके चांगले’ असं सांगणारी सोनोग्राफी इथे पुरेशी नाही. फॉर्म एफ भरून घेतला तर बिचकू नका, लिंगनिदान कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीला तो लागतो.

५. आकडा १.५ च्या वर गेला तर पोटातल्या बाळालाच रक्त देता येतं. आईच्या पोटातून बारीक सुई नाळेच्या शिरेत घालून ओ निगेटिव्ह, ताजं, आईच्या रक्ताशी जुळवलेलं आणि किरणोत्सर्ग दिलेलं रक्त चढवतात. १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी पहिल्यांदा पोटातल्या बाळाला रक्त दिलं. तेव्हा ते बाळाच्या पोटात सोडत, आता सोनोग्राफीच्या नजरेखाली थेट नाळेत देतात. अनुभवी हातांत अंगात पाणी साठण्याआधी उपचार सुरू झाले, तर दहापैकी नऊहून अधिक बाळं वाचतात. मात्र ही सोय फीटल मेडिसिनचे तज्ज्ञ असलेल्या नागपूर, मुंबई, पुणे अशा शहरांतच मिळते. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं, आणि साधारण ३५व्या आठवड्यानंतर हे थांबवतात.

वाट आधी ठरवा: घाटावर की घाटाखाली

रेफरची चिठ्ठी हातात पडल्यावर गाडी शोधायची वेळ येऊ नये. आपल्या जिल्ह्यात घाटाखालच्या खामगाव, शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकरांना अकोला जवळ पडतं. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जिल्हा स्त्री रुग्णालयही. मलकापूरकरांना रेल्वेने खानदेशातलं जळगाव सोयीचं. घाटावरच्या सिंदखेडराजा, देऊळगावराजाला जालना हाताशी आहे, आणि तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. मेहकर-लोणारकरांना समृद्धी महामार्गाने नागपूरही पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही. २०२४ पासून बुलढाण्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, पण पोटातल्या बाळाला रक्त देण्याची सोय वेगळी. ती कुठे होईल, हे विसाव्या आठवड्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत अजूनही घरी बाळंतपण होतं. आयसीटी पॉझिटिव्ह असलेल्या बाईने ३६ आठवड्यांनंतर त्या गावात राहूच नये, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे. रस्ता तुटला, पूर आला, फोन लागला नाही, काहीही होऊ शकतं. खामगाव, शेगाव, बुलढाणा किंवा अकोल्यात नातेवाइकाकडे चार आठवडे काढणं हा या उपचाराचाच भाग समजा.

बाळंतपण साधारण ३७-३८ आठवड्यांत घडवून आणतात. अँटीबॉडी आहेत म्हणून सिझरच करावं लागतं असं नाही. मात्र जागा अशी हवी, जिथे बालरोगतज्ज्ञ, काविळीसाठीच्या निळ्या लाइटची सोय, बाळाचं रक्त बदलण्याची तयारी आणि रक्तपेढी आहे. आईसाठीही जुळवलेली पिशवी आदल्या दिवशीच तयार ठेवायला सांगा, कारण अँटीबॉडी असलेल्या बाईला ऐनवेळी पिशवी जुळवायला वेळ लागतो. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर कुठल्या पेढीत किती पिशव्या आहेत ते दिसतं, पण आकड्यावर विसंबू नका, फोन करून खात्री करा. घरात, भावकीत निगेटिव्ह ग्रुपचे कोण आहेत, याची यादी आठव्या महिन्यातच करून ठेवा. वरचा नवऱ्याकडच्या रक्ताचा नियम इथेही पाळा.

बाळ जन्मल्यावर

नाळेच्या रक्तातून चार गोष्टी तपासायला सांगा: ग्रुप, डीसीटी (डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट), हिमोग्लोबिन, बिलिरुबिन. पोटात असताना बाळाला रक्त दिलं असेल, तर त्याचा ग्रुप दात्याचाच दिसू शकतो, त्यामुळे ‘निगेटिव्ह निघालं, सुटलो’ म्हणू नका.

चोवीस तासांच्या आत दिसलेली काविळ कधीच ‘नेहमीची’ नसते. तळहात-तळपाय पिवळे, दूध ओढत नाही, सारखं झोपतं, किंवा कर्कश रडून मान मागे ताणतं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. कोवळ्या उन्हात धरणं हा यावर उपाय नाही. काविळ उतरवणाऱ्याकडे नेणं, गळ्यात माळ घालणं यात तास जातात, आणि बिलिरुबिन मेंदूत शिरायला तासच लागतात. निळ्या लाइटने भागलं नाही तर बाळाचं रक्त बदलतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ते वेळेवर झालं तर बाळ वाचतं आणि त्याचे कानही वाचतात.

आईने दूध पाजायचं. दुधातून जाणाऱ्या अँटीबॉडीने बाळाला इजा होत नाही.

घरी आल्यावर खरी ढिलाई होते. काविळ गेली म्हणून कोणी फिरकत नाही, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात बाळ पांढरंफटक पडतं. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या अंगात दोन-तीन महिने रेंगाळतात, तोवर पेशी फुटतच राहतात. म्हणून साधारण तीन महिन्यांपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. जास्त काविळ झालेल्या बाळाची श्रवणतपासणी विसरू नका. आशाताई नवजात भेटींना तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांना ‘रक्तगटाचं बाळ आहे’ असं आधीच सांगून ठेवा.

आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर काविळ होते, पण ती बहुधा हलकी असते आणि लाइटने भागतं. अँटी-डीचा तिथे संबंध नाही. सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

तुमचा हक्क, आणि तो कुठे मागायचा

- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११ पासून): सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत. घरून आणणं, वरच्या दवाखान्यात नेणं आणि परत सोडणंही मोफत. आजारी बाळालाही हेच लागू. अँटी-डी राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे. ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली, तर ती जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा.
- दर महिन्याची ९ तारीख: प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ तपासतात. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. आयसीटी पॉझिटिव्ह असून तो नसेल, तर लावून मागा. त्यामुळे आशाताईंच्या जादा भेटी आणि पाठपुरावा मिळतो.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: नवजात बाळाच्या उपचाराचं कोणतं पॅकेज बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा.
- वाहन: १०२ आणि १०८. सल्ला किंवा तक्रारीसाठी १०४.
- कागद: तुम्ही मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आयसीटी आणि डॉप्लरच्या प्रती मागायला संकोच करू नका.
- तक्रार: जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयाची जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्राची जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. लेखी द्या, पोच घ्या.

पुढच्या खेपेचा विचार

अँटीबॉडी तयार झालेल्या आईच्या बाबतीत पुढचं पॉझिटिव्ह बाळ सहसा आधीपेक्षा लवकर आणि जास्त आजारी पडतं. मूल थांबवायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, सासू-सासऱ्यांनी नाही. नवऱ्याकडे आरएचचे दोन्ही घटक पॉझिटिव्ह असतील तर प्रत्येक बाळ पॉझिटिव्हच होईल. एकच पॉझिटिव्ह असेल तर निम्मी शक्यता निगेटिव्ह बाळाची, आणि निगेटिव्ह बाळाला या अँटीबॉडीचा त्रास नाही. हे मोठ्या केंद्रात तपासता येतं, म्हणून ठरवण्याआधी एकदा दोघं मिळून जा.

पुन्हा दिवस राहिले, तर पाळी चुकल्याबरोबर, सहा-आठ आठवड्यांतच नाव नोंदवा. मागचे कागद आधी दाखवा, आणि ‘मागच्या बाळाचं काय झालं होतं’ हे वाक्य डॉक्टरांनी कार्डावर लिहीपर्यंत खुर्ची सोडू नका. पहिला डॉप्लर १६ ते १८ आठवड्यांत झाला पाहिजे, म्हणजे तो करणाऱ्या सेंटरची तारीख चौदाव्या आठवड्यातच घ्यावी लागेल.